छंद, योग्य मार्गाने

छंदाचीसुद्धा हजेरी घेता येईल, ही कल्पना मला सुचली तेव्हा माझी दाढी अर्धीच झाली होती. मी तसाच फेसासकट बाहेर आलो आणि बायकोला म्हणालो, "सापडलं!"

"डोक्यावरच होता," ती म्हणाली. तिला वाटलं, चष्मा.

चष्मा डोक्यावर होता हे खरं, पण मुद्दा तो नव्हता. मुद्दा आमच्या मुलीचा होता. तिला घरीदारी सगळे टिचकी म्हणतात. वय वर्षं दहा. वर्षभरापूर्वीपर्यंत मी संध्याकाळी दारात पाऊल टाकायचा अवकाश, की ही बोलायला सुरुवात करायची. वर्गात कोणाचं कोणाशी बिनसलंय, कोणत्या बाईंच्या चपलेचा पट्टा तुटला, मुंगी झोपते का, झोपत असेल तर कुठल्या कुशीवर. माझे बूट निघेपर्यंत तिची तीन प्रकरणं संपलेली असायची. मग घरात एक टॅब आला. (तो अभ्यासासाठी आणला होता, हे इथे नोंदवून ठेवतो.) आणि बोलणं थांबलं. आता मी आत शिरलो की सोफ्याच्या कोपऱ्यातून फक्त "हं" येतं. परवा मी मुद्दाम म्हणालो, "टिचके, येताना मला जिन्यात हत्ती भेटला." तरीही "हं"च आलं. मला खरंच फार वाईट वाटलं. एवढी बडबडी मुलगी होती माझी, आणि मला तिचा आवाज आठवून बघावा लागत होता.

बायकोचं निदान वेगळं होतं. "ती बोलायची तेव्हा तुम्ही पेपरात डोकं घालून बसायचात," ती म्हणाली. "ते 'हं' तिने तुमच्याकडूनच उचललंय."

नवऱ्याने बायकोच्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. मी उरलेली दाढी करायला आत गेलो.

आता थोडं माझ्या कामाबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं ध्यानात येणार नाही. मी एका मोठ्या कार्यालयात हजेरी आणि रजा हे टेबल सांभाळतो. बावीस वर्षं सांभाळतोय. चारशे बारा माणसं किती वाजता आली, का आली नाहीत आणि उद्या का येणार नाहीत, हे सगळं माझ्या नजरेखालून जातं. लोक या टेबलाला हसतात. पण ज्या माणसाला दिवसभर पेनाचं टोपण काढायचा कंटाळा, तोही सही करायला मात्र दहाच्या ठोक्याला धापा टाकत येतो, हे मी रोज बघतो. हजेरीत ती ताकद आहे. तीच ताकद मुलांच्या छंदांमागे उभी केली तर? रोज संध्याकाळी पाच वाजता मुलाने ॲप उघडायचं, छंदाचं नाव निवडायचं, हजेरी लावायची, स्क्रीन बंद करायचा आणि तासभर छंद करायचा. यात न समजण्यासारखं काय आहे, ते मला आजही कळलेलं नाही.

ॲप करायला घरचा माणूस होता. माझा मेहुणा संगणकावर काहीतरी करतो. नक्की काय करतो ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही, पण त्याच्या खोलीतले दिवे सतत लुकलुकत असतात. त्याने माझं म्हणणं ऐकलं आणि म्हणाला, "भावोजी, मस्त! आपण एक माकड टाकू. पोरांनी छंद केला की माकड उड्या मारेल, टाळ्या वाजवेल."

"माकड बघायला पोरं पुन्हा स्क्रीनकडेच येतील," मी म्हणालो.

"मग पोरांनी ॲप उघडायचंच कशाला?"

"नाही उघडलं तर लेट मार्क लागेल."

तो म्हणाला, "आणि तीन लेट मार्क झाले की?"

"अर्ध्या दिवसाची रजा कापायची."

"म्हणजे रजा पण आहे?"

"रजेशिवाय हजेरीला काय अर्थ?" मी म्हणालो. मग मी त्याला किरकोळ रजा, आजारपणाची रजा आणि साठवलेली रजा यांतला फरक समजावून सांगितला. तो मध्येच दोनदा पाणी प्यायला. ॲपचं नाव त्याला काहीतरी इंग्रजी आणि उडतं हवं होतं. मी 'छंदहजेरी' ठेवलं. नाव वाचताक्षणी माणसाला कळलं पाहिजे की इथे काय चालतं आणि इथून सुटका नाही.

छंदांची यादी करायची म्हणून मी इमारतीतल्या पालकांना एका रविवारी घरी बोलावलं. ही चूक होती. यादीत मी सरळसाधे छंद घातले होते: वाचन, चित्रकला, बागकाम, तिकिटं जमवणं, कागदाच्या वस्तू. तळमजल्यावरचे दंतवैद्य यादी वाचून म्हणाले, "यात दात घासणं नाही."

"डॉक्टर, तो छंद नव्हे," मी म्हणालो.

"तुमचा नसेल," ते म्हणाले आणि माझ्या दातांकडे बघून त्यांनी हळूच मान हलवली. मी त्यानंतर पूर्ण बैठकभर तोंड मिटूनच बोललो.

दुसऱ्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. त्यांच्याकडे नातू असतो, पण त्या अख्ख्या इमारतीच्या मुख्याध्यापिका आहेत. त्यांनी 'रोज एक पान शुद्धलेखन' हा छंद यादीत पहिल्या क्रमांकावर टाकायला लावला आणि जाता जाता माझ्या यादीतल्या दोन चुका लाल पेनाने दुरुस्त केल्या. लाल पेन त्या बरोबर घेऊनच आल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या जुळ्या भावांच्या आजोबांनी बराच वेळ काही मत दिलं नाही. शेवटी म्हणाले, "गप्प बसणे. हा घाला. आमच्या घरी हा छंद कुणालाच नाही." अशा रीतीने यादी त्रेसष्टवर गेली. चौसष्टावं मी 'इतर (स्पष्ट करा)' घातलं, कारण ज्या नमुन्यात हे नसतं तो नमुनाच नव्हे.

सगळे उठल्यावर बायकोने यादी वरपासून खालपर्यंत वाचली आणि विचारलं, "यातला तुमचा कोणता हो?"

"वाचन," मी म्हणालो.

"शेवटचं काय वाचलंत?"

मी मागच्या महिन्यात रजा नियमांची सुधारित आवृत्ती वाचली होती, पण तिने ते धरलं नाही.

मेहुण्याने ॲप तयार केलं आणि जिथून लोक ॲपं घेतात त्या दुकानाकडे मंजुरीसाठी पाठवलं. तिथून नकार आला. तो नकार मी तीन वेळा वाचला. कुणाची सही नाही, नाकारायचं कारण नाही, दाद कुठे मागायची त्याचा पत्ता नाही, आणि शेवटी 'आपल्या उत्साहाबद्दल आभार'. बावीस वर्षांच्या नोकरीत मला असं पत्र लिहायला जमलेलं नाही. आम्ही दुरुस्ती करून पुन्हा पाठवलं, पुन्हा नकार. तिसऱ्यांदा मी स्वतः चार पानी खुलासा जोडला. नकार सात सेकंदांत आला. मेहुणा म्हणाला, "भावोजी, तिकडे माणूस नसतोच. यंत्र उत्तर देतं." मला ते पटलं नाही, कारण यंत्राला एवढा अनुभव कुठून येणार? शेवटी मेहुण्याने इमारतीतल्या सातही मुलांच्या टॅबवर आणि फोनवर ॲप हाताने चढवलं.

पहिल्या दिवशी पाच वाजता सातच्या सात हजेऱ्या लागल्या. टिचकीने 'चित्रकला' निवडलं आणि टॅब बाजूला ठेवून खरोखरच कागद घेतला. माझा ऊर भरून आला. दुसऱ्या दिवशी कार्यालयात मी हे चार जणांना सांगितलं, चारांनी आठांना सांगितलं, आणि दुपारी साहेबांनी बोलावलं. आमच्या साहेबांना योजना आवडतात. सुरू झालेल्या योजना त्यांना विशेष आवडतात, कारण मग फक्त उद्घाटन उरतं. ते म्हणाले, "सगळ्या कर्मचाऱ्यांच्या मुलांना लागू करू. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी स्वतः येऊन पाहणी करतो." बावीस वर्षांत साहेब माझ्या टेबलापर्यंतसुद्धा आले नव्हते, आता घरी येणार होते. मी त्या दिवशी जिना दोन-दोन पायऱ्या करत चढलो आणि दंतवैद्यांच्या दारासमोर गुडघा लचकवून घेतला.

आठवड्याने पहिला रजेचा अर्ज आला. दंतवैद्यांच्या मुलाचा. त्याचा छंद बागकाम. अर्जात लिहिलं होतं: 'माझ्या रोपाला आज विश्रांती हवी आहे. त्याने तसे सुचवल्यामुळे मी आज बागकामास येऊ शकत नाही.'

एखादा बाप हसला असता आणि विसरला असता. पण माझ्यापुढे अर्ज आला की माझा हात आपोआप चालतो. मी त्यावर शेरा मारला: 'रोपाचे संमतिपत्र जोडावे.' दुसऱ्या दिवशी संमतिपत्र आलं. एका कागदावर रोपाचं पान शाईत बुडवून ठसा उमटवला होता आणि खाली लिहिलं होतं, 'निशाणी डाव्या पानाची.' कागदपत्र पूर्ण होतं. मला रजा मंजूर करावी लागली.

ही बातमी इमारतीत पसरली. मग अर्जांचा पाऊस पडला. जुळ्यांनी कळवलं की आम्ही जुळे असल्यामुळे एकाने केलेला छंद दुसऱ्याच्या अंगी लागतो, सबब आम्हांला आलटून पालटून रजा असावी. मुख्याध्यापिकांच्या नातवाने 'गप्प बसणे' घेतलं होतं. त्याने लिहिलं की माझा छंद चालू आहे की नाही हे सांगण्यासाठी मला बोलावं लागतं आणि त्याने छंद मोडतो, तरी मला हजेरीतून कायमची सूट मिळावी. या अर्जावर मी दोन दिवस विचार केला. असा पेच आमच्या कार्यालयात कधी उभा राहिलेला नाही.

अर्ज कागदावर येऊ लागले, कारण जोडपत्रं घातली की ॲप कोसळायचं. मुलं सकाळी दाढीच्या वेळी यायची, जेवताना यायची. एकदा मी आंघोळीला गेलो असताना बाथरूमच्या दाराखालून अर्ज आत सरकला. शेवटी माझा संयम सुटला. मी सातही जणांना जिन्यात उभं केलं आणि म्हणालो, "यापुढे कुणीही अर्ज थेट माझ्याकडे आणायचा नाही. अर्ज योग्य मार्गाने आला पाहिजे!"

"योग्य मार्ग म्हणजे कोणता?" जुळ्यांपैकी एकाने विचारलं.

मी समजावून सांगितलं. आधी आवक टेबल, तिथे क्रमांक आणि शिक्का. मग तपासणी, मग वरिष्ठांचा शेरा, मग माझ्याकडे, मग जावक. मी पोटतिडकीने वीस मिनिटं बोललो. इतकं मन लावून माझं बोलणं कुणी कधी ऐकलं नव्हतं. टिचकी तर हातावर टिपून घेत होती.

त्यानंतर माझ्याकडे अर्ज येणं थांबलं. मला वाटलं, जिंकलो. पण पाच वाजता बघितलं तर हजेरीही थांबली होती. सातपैकी शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य, तिसऱ्या दिवशीही शून्य. आणि घरातल्या वस्तू जायला लागल्या. माझे तीन खोडरबर गेले. बायकोचा सुईदोरा गेला, बुटांचे रिकामे खोके गेले, सायकलची घंटी गेली. सकाळचा पेपर माझ्या हातात पडायच्या आत त्याची मधली पानं गायब व्हायची. मी बायकोला म्हणालो, "या घरात काहीतरी चाललंय."

"चाललंय खरं," ती म्हणाली आणि इतकी गोड हसली की मला पुढे विचारवेना. टॅब सोफ्यावर पालथा पडलेला असायचा. त्याची बॅटरी चार दिवस संपलेली होती, हे मला दिसत होतं, पण मी शून्याकडे बघत होतो. टिचकी संध्याकाळभर घरात नसायची आणि आली की पोटभर जेवून गाढ झोपायची. तेव्हा तर मला ते "हं"सुद्धा मिळेनासं झालं.

साहेबांचा रविवार जवळ आला तशी माझी झोप उडाली. शेवटी मी परिपत्रक काढलं: सर्व प्रकारच्या रजा रद्द, रविवारी सकाळी दहा वाजता सातही जणांनी आपापल्या छंदाच्या साहित्यासह आमच्या हॉलमध्ये उपस्थित राहावे. एक प्रत प्रत्येक दारावर चिकटवली. मुख्याध्यापिकांनी त्यातलं 'उपस्थीत' लाल पेनाने दुरुस्त करून प्रत परत पाठवली.

शनिवारी दुपारी दाराखालून एक पाकीट आत आलं. पेपरच्या कागदाचं, पण कडा इतक्या काटेकोर दुमडलेल्या की आमच्या कार्यालयात तसं पाकीट कुणाला करता येणार नाही. वर गोल शिक्का, मध्ये 'जावक', क्रमांक एकशे अठरा. आत सुबक अक्षरात एकच ओळ होती: 'आपले परिपत्रक मिळाले. सर्व कर्मचारी रविवारी सामुदायिक रजेवर आहेत.'

मी सवयीने त्यावर 'आवक' लिहिलं आणि तारीख टाकली.

रविवारी दहाला पाच मिनिटं कमी असताना साहेब आले. सोबत मिसेस नव्हत्या, फाईल होती. मी त्यांना चहा दिला, बिस्किटं दिली, हवापाण्याबद्दल बोललो, आमच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीचा इतिहास सांगितला. साहेब म्हणाले, "मुलं?" मी ॲप उघडून दाखवलं. त्यावर मोठ्या अक्षरांत शून्य होतं. मेहुण्याने ते शून्य लाल रंगात आणि लुकलुकणारं केलं होतं; हौशी माणूस.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"खाली असतील," बायको चहाचे कप उचलता उचलता म्हणाली. "जिन्याखाली."

जिन्याखाली आमच्या इमारतीत एक बुटकी खोली आहे. पूर्वी तिथे मोडक्या खुर्च्या असायच्या. आम्ही उतरलो तर दाराला पडदा होता आणि पडद्याबाहेर स्टुलावर दंतवैद्यांचा मुलगा बसला होता. साहेब वाकून आत जायला लागले तसा तो उठला.

"नाव? काम? कुणाला भेटायचंय?"

"मी साहेब आहे," साहेब म्हणाले.

"सगळेच तसं म्हणतात," तो म्हणाला. "नमुना दोन भरा. तोवर तिथे बाकावर बसा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघितलं. साहेब बसले. स्वतःच्या पेनाने त्यांनी नमुना दोन भरला, 'भेटीचे कारण' या रकान्यापाशी अडले, खोडलं, पुन्हा लिहिलं. खोडलं म्हणून त्यांना नवीन नमुना भरावा लागला. वीस मिनिटांनी सायकलची घंटी वाजली आणि आम्हांला आत सोडलं.

मी आत जे पाहिलं ते नीट सांगायला हवं. बुटांच्या खोक्यांचं कपाट केलेलं होतं, एकूण तीस कप्पे, प्रत्येकावर चित्र: रोप, दात, मुंगी, कारण जुळ्यांच्या धाकट्या बहिणीला अजून वाचता येत नव्हतं. दोऱ्याने शिवलेल्या जाड नोंदवह्या होत्या. खोडरबरांवर ब्लेडने (याबद्दल मी नंतर स्वतंत्रपणे बोललो) कोरलेले अकरा शिक्के ओळीने मांडले होते आणि बिटाच्या रसाची शाई वाटीत होती. मुख्याध्यापिकांचा नातू जीभ बाहेर काढून वळणदार अक्षरात पत्र लिहीत होता. आणि मधोमध, पालथ्या टबावर वह्या मांडून, टिचकी बसली होती. ती एका हाताने शिक्का मारत होती, दुसऱ्या हाताने पान उलटत होती आणि सतत, अखंड बोलत होती. "हे आधी तपासणीला द्या. ह्याला तारीख नाही, परत. रोपाचा भाऊ आजारी आहे म्हणे, बघून या जरा कुणीतरी."

तो आवाज मी वर्षभराने ऐकत होतो.

साहेब मात्र उजळले. "वा! वा वा! हे तुमच्या ॲपमुळे?" त्यांनी फाईल उघडली. "हाच आपला आदर्श नमुना. आत्ताच्या आत्ता 'इतर (स्पष्ट करा)' मध्ये नोंदवा. नाव द्या, बालकार्यालय छंद. रोज पाच ते सहा. पाचच्या आधी कुणी येणार नाही, सहानंतर कुणी थांबणार नाही. रोजची हजेरी, दर आठवड्याला अहवाल. मी प्रत्येक इमारतीत एक काढतो."

खोलीतला सगळा आवाज बंद झाला. नातवाने पेन खाली ठेवलं. टिचकीने शाईच्या वाटीवर झाकण ठेवलं आणि वही मिटायला घेतली. तो चेहरा मी चांगला ओळखतो. आमच्याकडे नवीन लागलेलं माणूस पहिले दोन महिने उड्या मारत काम करतं आणि मग एके दिवशी त्याच्या टेबलावर माझा पहिला मेमो जातो, तेव्हा ते असाच चेहरा करतं. इतकी वर्षं मला वाटत आलं की तो शिस्त लागल्याचा चेहरा आहे.

साहेबांनी माझा फोन माझ्यापुढे धरला होता. नुसतं बोट लावायचं होतं. योजना माझ्या नावावर लागली असती, दंतवैद्यांचं तोंड बंद झालं असतं, मेहुण्याला आयुष्यात एकदा काय काम केलं ते सांगता आलं असतं.

"साहेब," मी म्हणालो, "हे माझ्या अखत्यारीत येत नाही."

"म्हणजे?"

"माझं ॲप छंदांपुरतं आहे. इथे कुणी छंद करत नाहीये, इथे कामकाज चालू आहे. हे स्वतंत्र कार्यालय आहे, साहेब. आपल्याला इथे हजेरी घेता येणार नाही."

साहेब थबकले. साहेबमाणूस दुसरं काही मानो न मानो, अखत्यार मानतो. त्यांनी फाईल हळूहळू मिटली.

"म्हणजे तुमच्या ॲपची हजेरी शून्य?"

"शून्य, साहेब."

"योजना फसली, असं लिहू?"

"साफ फसली असं लिहा," मी म्हणालो. बावीस वर्षांत माझ्या नावापुढे असा शेरा पडला नव्हता. माझे कान तापले, पण जीभ अडली नाही.

साहेब निघाले. स्टुलावरच्या मुलाने त्यांना थांबवून बाहेर पडल्याची सही घेतली. ती त्यांनी मुकाट्याने केली आणि वेळही टाकली. मी तिथेच उभा राहून फोनमधून 'छंदहजेरी' काढून टाकलं. फोनने विचारलं, 'नक्की?' मी हो म्हणालो.

मग मी पडद्याकडे वळलो तर मुलगा पुन्हा आडवा आला. नमुना दोन. मी बाकावर बसलो. नाव लिहिलं, पत्ता लिहिला आणि 'भेटीचे कारण' या रकान्यापाशी माझंही पेन थांबलं. आयुष्यभर मी दुसऱ्यांची कारणं तपासली होती, फेटाळली होती, पुन्हा लिहायला लावली होती. शेवटी मी लिहिलं: 'तू बोलतेस ते ऐकायचं आहे.'

कागद आत गेला. बराच वेळ काही झालं नाही. मग घंटी वाजली.

टिचकी माझा अर्ज दोन्ही हातांनी धरून वाचत होती. तिने तो दोनदा वाचला, त्यावर शिक्का मारला नाही, कुठल्याच कप्प्यात टाकला नाही, घडी करून फ्रॉकच्या खिशात ठेवला आणि एका पालथ्या बादलीकडे बोट दाखवलं. "तिथे बसा. ही पाकिटं चिकटवायची आहेत. कडा सरळ हव्यात."

मी बसलो. ती बोलायला लागली. रोपाच्या भावाला काय झालं, जुळ्यांतला कुठला कामचुकार आहे, शाईत बीट किती आणि पाणी किती, आणि मुंग्यांचं तिला आता नक्की कळलंय, त्या झोपतात, पण एका वेळी अगदी थोडा वेळ. मी पाकीट हातात धरून तिच्याकडे बघत राहिलो. तेवढ्या वेळात माझी चार पाकिटं झाली आणि त्यातली दोन वाकडी.

दुपारी जेवायच्या सुट्टीत दंतवैद्यांचा मुलगा आत डोकावला आणि माझ्याकडे बघून त्याने काहीतरी विचारलं. टिचकीने आवाज खाली आणला, पण खोली फार लहान आहे.

"नवीन माणूस जरा हळू आहे," ती म्हणाली. "पण ठेवून घेऊ."